नाग नदीची सफाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाले आणि तेव्हापासून नागपूरच्या नंदनवन, वाठोडा, जगनाडे चौक या पट्ट्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळांत नि शाळांत नाग नदीवर बोलायला जाते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

ही नदी आहे की नाला? आम्ही तर लहानपणापासून नालाच म्हणतो.

नदी आहे. शहराच्या पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम, मग अंबाझरी तलाव, तिथून डागा ले-आउट, यशवंत स्टेडियमच्या मागून मोक्षधाम, संगम चाळ, अशोक चौक, नंदनवन, पारडी असं करत शहराबाहेर. शहरातली लांबी साधारण १७ किलोमीटर. उत्तरेकडून गोरेवाड्याची पिवळी नदी येऊन मिळते. पुढे नाग कन्हानला, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि ते सगळं पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात. दक्षिणेकडे सोनेगावची पोरा नदी आहे, तिची कथा वेगळी नाही.

शहराला नाव देणाऱ्या नदीला आपण नाला म्हणतो, आणि नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायची मुभा मिळते. मी हट्टाने नदी म्हणते. रिक्षावाले हसतात.

सगळी घाण कारखान्यांची आहे ना? मग त्यांच्यावरच कारवाई का करत नाहीत?

हा सर्वांत आवडता समज आहे, कारण त्यात आपण सुटतो. नाग नदीत जे वाहतं त्यातला फार मोठा हिस्सा तुमच्या-माझ्या न्हाणीघराचा नि संडासाचा आहे. बुटीबोरीच्या कारखान्यांना लोक शिव्या देतात, पण तिथलं पाणी नाग नदीत येतच नाही, ते वेणा नदीच्या खोऱ्यात जातं.

म्हणजे उद्योग निर्दोष आहेत असं नाही. अंबाझरीच्या वरच्या अंगाला वाडी आणि हिंगणा एमआयडीसीचा परिसर आहे. तलावात जलपर्णी माजते ती वरून येणाऱ्या सांडपाण्याच्या खतावर. एकेकाळी हा तलाव शहराला पिण्याचं पाणी द्यायचा. शहरात खालच्या बाजूला गाड्या धुणारे सर्व्हिसिंग सेंटर, रंगाई, प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवणारी) छोटी दुकानं आणि गोठे आहेत. गोठ्यांकडे कोणी बघत नाही. एका म्हशीचा भार पाण्यावर साधारण दहा-पंधरा माणसांइतका पडतो. शेण रोज पाइप लावून नालीत लोटणारा पन्नास म्हशींचा गोठा म्हणजे नदीच्या दृष्टीने पाच-सातशे वस्तीचं गाव.

कारखान्याचं पाणी कमी असलं तरी त्याचं दुखणं वेगळं. घरचं सांडपाणी जिवाणू खाऊ शकतात. प्लेटिंगचं क्रोमियम किंवा निकेल कोणी खात नाही, ते गाळात बसून राहतं. शिवाय ते शुद्धीकरण केंद्रात शिरलं तर तिथले जिवाणूही मारतं. म्हणून कारखान्याचं पाणी त्याच्याच आवारात शुद्ध झालं पाहिजे, सार्वजनिक लाइनमध्ये येण्याआधी. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कारखाना चालवताच येत नाही, आणि त्या संमतीपत्रात किती पाणी, कोणत्या दर्जाचं, कुठे सोडायचं हे लिहिलेलं असतं.

दरवर्षी उन्हाळ्यात पोकलेन लावून नदी साफ करतात, मग पुन्हा तशीच काहून होते?

कारण ती सफाई पुरासाठी असते. गाळ नि कचरा काढला की पावसाळ्यात पाण्याला वाट मिळते. २०१३ पासून हे अभियान चालू आहे आणि करायलाच हवं. पण पोकलेन नदीतून बाहेर येतो त्या क्षणीही काठावरच्या शेकडो तोंडांतून सांडपाणी पडतच असतं. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

गाळाचं एक सांगते. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला की पहिल्या दोन पावसांत तो परत आत जातो. हे मी तीन वर्षं एकाच पुलावरून पाहिलं आहे, ढिगाच्या एका टोकाला एरंडाचं झाड होतं म्हणून जागा लक्षात राहिली. आणि शेतकऱ्यांना खत म्हणून गाळ द्यायचा असेल, तर आधी त्यात धातू किती आहेत ते तपासा.

मग नियोजनाची सुरुवात कुठून करायची?

मोजण्यापासून. नदीला मिळणारं प्रत्येक तोंड नकाशावर घ्यायचं, त्याला नंबर द्यायचा आणि त्यातून किती पाणी येतं ते काढायचं. याला यंत्र लागत नाही. आमच्या भागातल्या एका नाल्यावर मी शाळेच्या मुलांकडून करून घेतलं. मे महिना, सकाळचे सात. नाल्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडला, दोन टोकांना दोऱ्या ताणल्या. रुंदी १.२ मीटर, खोली सरासरी १५ सेंटिमीटर. थर्मोकोलचा तुकडा सोडला, २५ सेकंदांत पोचला. म्हणजे सेकंदाला ४० सेंटिमीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून उत्तराला ०.८ ने गुणायचं. हिशेब आला दिवसाला ५० लाख लिटरच्या आसपास. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढुशा नाल्यात?" होय. नियमाप्रमाणे माणशी १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे १०८ लिटर. त्या हिशेबाने तो एवढुसा नाला पंचेचाळीस हजार माणसांचा झाला. सकाळी सात ही गर्दीची वेळ असते, तेव्हा दिवसभराची सरासरी कमीच निघेल. म्हणून एकदाच मोजून भागत नाही, दर दोन तासांनी मोजायचं, चोवीस तास. मुलांचे आईवडील रात्री दोनच्या फेरीला तयार झाले नाहीत. तिथे आमचे मंडळाचे काका लोक कामी आले.

असं तोंडातोंडाचं मोजमाप झालं की कळतं की कोणते दहा-बारा नाले नदीचा बहुतांश भार आणतात. आधी ते अडवायचे. मग मोठा प्रश्न: अडवलेलं पाणी न्यायचं कुठे? नागपूरचं नशीब असं की शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. सांडपाणी बऱ्याच अंशी आपल्या पायांनी भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे चालत जातं. मलवाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की तळाला गाळ बसतो आणि लाइन चोक होते, म्हणून उतार ही चैन नाही. जिथे उतार नाही तिथे पंपिंग स्टेशन, म्हणजे विजेचं बिल, म्हणजे पाच वर्षांनी बंद पडलेला पंप.

मलवाहिन्या टाकताना ३० वर्षांनंतरची वस्ती धरतात, पंपांसाठी १५ वर्षांची. नागपूरसारख्या वाढत्या शहरात हे आकडे काढणं म्हणजे अर्धं शास्त्र नि अर्धं ज्योतिष. मिहानचा औद्योगिक प्रकल्प येण्याआधी वर्धा रोडची वस्ती कोणी किती धरली असती?

बीओडी, बीओडी म्हणतात ते काय असतं?

सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरला तो आकडा म्हणजे बीओडी. तो जितका मोठा तितकं पाणी घाण. आंघोळीच्या लायक नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. कच्च्या सांडपाण्यात तो २०० च्या घरात असतो. परदेशी पुस्तकांत नमुन्याची बाटली २० अंशांवर पाच दिवस ठेवतात, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. मी आयुष्यभर त्या बाटल्या मोजल्या, पण लोकांना पटतो तो दुसराच प्रयोग.

पुलावर उभं राहून पाणी घ्यायचं. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड, थेंब थेंब. झाकण लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असला तर बाटलीत तपकिरी साका बसतो, ऑक्सिजन नसला तर पांढरा. नळाला येणाऱ्या पेंचच्या पाण्याची बाटली चहासारखी होते. अशोक चौकाच्या खालच्या अंगाला एका मे महिन्यात भरलेली बाटली मी गर्दीसमोर हलवली आणि ती ताकासारखी पांढरी झाली. एक आजी म्हणाल्या, "मंग हे तर चांगलं झालं ना बाई, पांढरं?" त्यांना समजावताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपली परिभाषा किती उलटी आहे.

आता हा हिशेब पाहा. २०० बीओडीचं एक लिटर सांडपाणी ३ वर आणायला, १ बीओडीचं साधारण १०० लिटर स्वच्छ पाणी लागतं. तेच शुद्ध करून १० वर आणलं तर साडेतीन लिटर पुरतं. एवढ्यासाठी शुद्धीकरण केंद्र हवं. उन्हाळ्यात नाग नदीकडे शंभर काय, एक लिटरही स्वच्छ पाणी नसतं.

भांडेवाडीला एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) आहे ना? मग?

आहे, आणि चांगल्या कामाला चांगलं म्हटलं पाहिजे. मोठ्या केंद्राची क्षमता २०० एमएलडी, म्हणजे दिवसाला २० कोटी लिटर, आणि तिथलं शुद्ध झालेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. वीज केंद्राने सांडपाणी घेतलं की तेवढं पेंचचं पाणी वाचतं. पण शहरात रोज ५०० एमएलडीहून जास्त सांडपाणी तयार होतं. उरलेलं सगळं शुद्ध होत नाही, एवढं लक्षात घ्या.

आणि केंद्र बांधलं म्हणून पाणी तिथे पोचतं असं नाही. देशभर कितीतरी केंद्रं अर्ध्या क्षमतेने चालतात, कारण घरापासून केंद्रापर्यंतच्या लाइन अपुऱ्या. उद्घाटनाला केंद्र दिसतं, जमिनीखालची लाइन दिसत नाही. फीत लाइनची कापत नाहीत.

१९२५ कोटींचा प्रकल्प होता ना, त्याचं काय?

राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखालचा नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्प. खर्च १९२५ कोटींहून अधिक, भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात झालं. केंद्र, राज्य आणि मनपा तिघांचा वाटा. भर मलवाहिन्या टाकणं, नाले अडवणं आणि शुद्धीकरणावर आहे, आणि माझ्या मते दिशा बरोबर आहे. तुमच्या भागात काम आलं की ठेकेदाराचा फलक बघा: कोणती लाइन, किती व्यास, कधी पूर्ण. आणि रस्ता खोदला म्हणून पहिल्याच आठवड्यात मोर्चा काढू नका. खोदल्याशिवाय लाइन जमिनीत जाणार नाही.

आमच्या घरचं कनेक्शन गडर लाइनलाच (मलवाहिनीलाच) आहे. आमचा काय संबंध?

कशावरून? मीही हेच म्हणायचे.

आमचं घर १९९४ सालचं. ले-आउट तेव्हा नवीन होतं, मिस्त्रीने सांगितलं, "जोडून दिलं मॅडम, काळजी नको." निवृत्तीनंतर एक दिवस प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून फ्लुरोसिनची पुडी आणली. हा पाण्यात हिरवा चमकणारा रंग असतो, चिमूटभर पुरतो. सकाळी संडासात टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि धावत रस्त्यावरचं चेंबर उघडून बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काही नाही. मग शेजारचा पोरगा ओरडला, "आंटी, नालीत पोपट आला!" पावसाळी नालीतून हिरवंगार पाणी चाललं होतं, सरळ नाल्याकडे. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ मी दिवसा नदीचे नमुने तपासत होते आणि माझाच संडास त्यात होता.

जोडणी बदलायला अकरा मीटर पाइप लागला. रस्ता कापायच्या परवानगीला चार महिने, कामाला दीड दिवस. परवानगीच्या कार्यालयात तीनदा मला सांगितलं गेलं की असं काम कोणी स्वतःहून करायला येत नाही. साहेब, येत नाही म्हणूनच नदीची ही गत.

रंगाची चाचणी तुम्हीही करा. फ्लुरोसिन नसेल तर खाण्याचा हिरवा रंग बऱ्यापैकी दिसतो. सेप्टिक टँक असेल तर टाकीचा ओव्हरफ्लो कुठे जातो ते पाहा, नव्वद टक्के वेळा लोकांना माहीतच नसतं. (नव्वद हा माझा अंदाज.)

सगळं सांडपाणी अडवलं तर नदीत उरणार काय?

सर्वांत चांगला प्रश्न, आणि आराखडे करणारे यावर सर्वांत कमी बोलतात. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अंबाझरीचा सांडवा थांबला की नाग नदीला स्वतःचं पाणी फारसं नसतं. जानेवारी ते मे जे वाहतं ते सांडपाणीच. सगळं उचलून भांडेवाडीला नेलं आणि तिथून वीज केंद्राला दिलं, तर मधले बारा-तेरा किलोमीटर कोरडं पात्र राहील. कोरड्या पात्रात महिनाभरात मलबा पडतो, दोन वर्षांत पार्किंग होतं.

म्हणून माझं मत: सगळा भार शेवटच्या टोकाला नेऊ नका. वरच्या अंगाला लहान लहान केंद्रं बांधा आणि शुद्ध झालेलं पाणी तिथेच नदीत सोडा. लहान केंद्रं चालवायला महाग पडतात, माणसं जास्त लागतात, हे मान्य. शिवाय पाणी विकत घ्यायला वीज केंद्र तयार असताना नदीला फुकट कोण देणार? ही खरी ओढाताण आहे आणि ती बजेटच्या बैठकीत उघड झाली पाहिजे. बरोबरीने अंबाझरी, गोरेवाडा, सोनेगाव हे तलाव नि त्यांचा वरचा पाणलोट जपला, तर पावसानंतरचे दोन-तीन महिने झिरपा मिळतो.

काठाला सिमेंटच्या भिंती आणि फिरायचा रस्ता केला तर छान दिसेल ना?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमध्ये कोण राहत होतं त्यांना विचारा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला आणि नदी घरांत शिरली. नदीला तिची रुंदी द्यायची नसेल तर ती स्वतः घेते. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर घेण्याआधी सातबाऱ्याइतक्याच बारकाईने ही रेषा पाहा. फिरायला रस्ता करा, पण निळ्या रेषेबाहेर आणि मातीचा.

जिवाणूंचं औषध टाकून, झाडं लावून नदी स्वच्छ होते म्हणतात.

झाडांनी काही अंशी होते. आपल्याच शहरातल्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे, दगडगोट्यांच्या थरात कर्दळ, लव्हाळ्यासारख्या वनस्पती लावून त्यातून सांडपाणी झिरपवायचं. एखाद्या सोसायटीला किंवा छोट्या नाल्याला उत्तम, वीज जवळपास लागत नाही. पण जागा लागते. बाटलीतल्या औषधाने वास कमी होतो, ठेका वाढतो. मारबतीच्या मिरवणुकीत "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतो ना आपण, त्याच जातीचा इलाज.

नदीच्या पाण्यावरची भाजी खावी का?

शिजवून खा, कच्ची पालेभाजी टाळा. जंतू शिजवल्याने मरतात, धातू जात नाहीत. शेतकऱ्याला दोष देऊ नका. त्याला बारमाही पाणी नि फुकटचं नत्र मिळतं, आणि ते पाणी आपण पाठवलेलं आहे.

आपल्याला पिण्याचं पाणी तर चांगलं मिळतं, मग नदीचा त्रास कोणाला?

आपण पितो पेंचचं आणि कन्हानचं. कन्हानचं पाणी कामठीजवळ उचलतो, आणि नाग नदी कन्हानला मिळते ती त्याच्या खूप खाली. म्हणजे आपली घाण आपल्या ताटात येत नाही. ती कुही, मौदा, भंडारा भागात जाते, गोसीखुर्दच्या पाणफुगवट्याला जाते, तिथल्या ढिवरांच्या जाळ्यात जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख कोलार नदीतून कन्हानमध्ये आली, तेव्हा आपल्या नळांचं पाणी अडलं आणि गाव हादरलं. आंभोऱ्याच्या माणसाच्या वाट्याला हे रोज आहे, फक्त राखेच्या जागी आपण.

तक्रार कुठे करायची?

गडर लाइन, चोक, उघडं चेंबर: मनपाचं तुमचं झोन कार्यालय. दहा झोन आहेत, आपला कोणता ते घरपट्टीच्या पावतीवर असतं. कारखाना किंवा गाडी-धुलाईचं रंगीत, तेलकट पाणी: प्रदूषण नियंत्रण मंडळ, सिव्हिल लाइन्समधलं उद्योग भवन. वेळ, जागा, फोटो द्या. "नेहमीच सोडतात" असं लिहू नका, "मंगळवारी रात्री ११.४० ला सोडलं" असं लिहा.

किती वर्षं लागतील?

लाइन आणि जोडण्या नीट झाल्या तर वास पहिल्या दोन उन्हाळ्यांत कमी होईल. गाळातले धातू आपल्या नातवंडांपर्यंत राहतील.

तुम्ही आमच्या ले-आउटमध्ये येता का?

येते. रविवारी, पण सकाळी साडेसहाला. रबरी हातमोजे, दहा मीटर दोरी, थर्मोकोलचा तुकडा आणि दोन धीट मुलं तयार ठेवा. चहा नंतर. नऊ वाजले की घरोघरची धुणीभांडी संपतात आणि नाल्याचं पाणी उतरतं.